आत्याने धरून ठेवलेला डोंगर

माझी आत्या रुग्णालयात एक्स-रे काढायची. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुऊन झाली की उरलेलं पाणी एक माणूस कॅनमधून घेऊन जायचा. "या घाण पाण्याचं करता तरी काय?" तिने एकदा विचारलं. त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. आत राखाडी भुगा होता.

"चांदी आहे ताई. तुमच्याच फिल्ममधून सुटलेली."

तेव्हापासून आत्याला चांदीचा नाद लागला. दागिन्यांचा नव्हे, ही येते कुठून, शोधतं कोण, याचा. वाचता वाचता तिला छोट्या शोध-कंपन्यांचा पत्ता लागला. त्यांची खाण नसते. एखाद्या डोंगराला खोल भोकं पाडून बघायचा परवाना असतो, आणि लोकांनी शेअर घेऊन दिलेला पैसा. बहुतेकींच्या हाती काहीच लागत नाही. हे माहीत असूनही आत्याने जादा पाळीच्या कमाईतून अशा तीन कंपन्यांचे शेअर घेतले. "बुडाले तरी स्वयंपाकघराला कळणार नाही, एवढेच," ती म्हणायची.

आतोबा बस दुरुस्त करायचे. जिभेला हाड नाही. "लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. हिने उंदराचेही पैसे आगाऊ भरलेत."

आत्या रजा काढून दोन कंपन्या बघून आली. पहिलीचा साहेब मऊ गालिच्यावर बसला होता. "चांदी आहेच, फक्त वर काढायची राहिली," म्हणाला. दुसरीचं काम डोंगरावर पत्र्याच्या शेडमध्ये चालायचं. जमिनीतून काढलेल्या दगडाच्या लांब कांड्या खोक्यांत ओळीने मांडलेल्या. तिथल्या भूगर्भतज्ज्ञ बाईंनी एक कांडी पाण्याने ओली करून तिला चांदीची खूण असू शकेल अशी बारीक काळी रेघ दाखवली.

"आणि नाहीच सापडली तर?"

"तर भोकं बुजवायची नि सामान आवरायचं. पण अजून बराच डोंगर बघायचा राहिलाय."

घरी आल्यावर आत्याने साहेबाच्या कंपनीतले पैसे काढून डोंगरावर लावले.

पुढची वर्षं कोरडी गेली. तिसरी कंपनी बंदच पडली. आत्याने जेवताना स्वतःहून सांगितलं, "एक बुडाली." त्या दिवशी आतोबांनी थट्टा केली नाही. गुपचूप तिच्या ताटात भाजी वाढली.

मग एका वर्षी चांदीचा भाव भडकला आणि डोंगराचा शेअर तिप्पट झाला. माझे बाबा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, लगोलग आले. घरासाठी जमवलेले पैसे त्यांना त्यात घालायचे होते.

"नको," आत्या म्हणाली.

"तू स्वतः घातलेस ना?"

"घातले, आणि विसरले. तुला घर विसरता येईल का?"

बाबांनी अबोला धरला. वर्ष सरायच्या आत भाव गडगडला आणि शेअर होता त्याच्याही खाली गेला. 'सांगितलं होतं ना' हे शब्द आत्याने कधी तोंडातून काढले नाहीत. आम्ही नव्या घरात राहायला गेलो, तेव्हा ती बाह्या सरसावून खिडक्या पुसायला हजर. बाबाच ओशाळून म्हणाले, "ताई, वाचवलंस."

"ते राहू दे. आधी ते स्टूल सरकव इकडे."

ती निवृत्त व्हायच्या सुमाराला डोंगरात खरोखरच चांदी लागली. एका मोठ्या खाण कंपनीने ती छोटी कंपनी चांगल्या भावाने विकत घेतली. आत्या काही गडगंज झाली नाही, पण गळकं छप्पर बदललं आणि आतोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

चालता येऊ लागल्यावर आतोबांनीच हट्ट धरला, "मला तो डोंगर बघायचाय."

दोघं गेली. आता तिथे उंच कुंपण होतं, आणि रखवालदार आत सोडेना. मग रस्त्याकडेला उभं राहूनच बघितलं. आतोबांनी उन्हाआड डोळ्यांवर हात धरून डोंगर न्याहाळला.

"एवढासा?" ते म्हणाले.

"एवढासाच," आत्या म्हणाली, आणि पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.