दोरीला लागलेले हात

आधीच माफी मागतो. मी आठवीत शाळा सोडली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकणार. मोठे शब्दही मला येत नाहीत. जे आहेत ते साधे आहेत, तेवढ्यातच भागवतो.

किस्से कसे साठतात सांगू? मी बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. तिथे लाद्या लाकडाच्या भुशात ठेवतात. कितीही झाडलं तरी संध्याकाळी तो भुसा खिशात सापडतो, कानात सापडतो, जेवणाच्या डब्यातसुद्धा! आमच्या गुरुवारच्या इंग्रजीच्या वर्गाचं तसंच झालंय. वर्ग संपून दोन वर्षं झाली, पण चौघं भेटलो की कोणाच्या ना कोणाच्या खिशातून काहीतरी निघतंच.

*

मालवणच्या बाजारात रियाझच्या वडिलांचं चपला-छत्र्यांचं दुकान. त्याच्या मागच्या खोलीत रियाझने चार कॉम्प्युटर मांडून सायबर कॅफे काढला होता. दर गुरुवारी संध्याकाळी तिथे नाईक बाई यायच्या. बाई हायस्कूलमधून निवृत्त झालेल्या. शाळा अर्धी सुटलेल्या लोकांना त्या इंग्रजी शिकवायच्या, फुकट.

आम्ही चौघं. रियाझ स्वतः. नूतन, आईबरोबर मासे विकायला बसणारी. बाबलदादा, रिक्षावाला, वय चाळीसच्या पुढे. आणि मी, दिगंबर. मला सगळे दिगू म्हणतात. म्हणजे हाक मारली तर. मी स्वतःहून कोणाशी बोलत नाही, म्हणून मला हाक मारायची वेळही कमीच येते.

बाईंनी फिनलंडमधल्या अशाच एका वर्गाशी जमवून आणलं. तिथेही मोठी माणसंच इंग्रजी शिकत होती. प्रत्येकाला एक जोडीदार. आपण आपल्या ब्लॉगवर आठवड्याला एकदा इंग्रजीत लिहायचं. जोडीदाराने खाली चुका दाखवायच्या आणि एक प्रश्न विचारायचा. पुढच्या गुरुवारी उत्तर. आणि आपण त्यांच्या ब्लॉगवर तेच करायचं.

माझा जोडीदार एर्की. सत्तरीचा, निवृत्त सुतार. त्याचा नातू कॅनडात जन्मला, त्याला आजोबांची भाषा येत नाही. म्हणून हा म्हातारा इंग्रजी शिकायला बसला होता.

पहिल्या गुरुवारी मी कळवलं, मी बर्फ बनवतो.

एर्कीचं उत्तर आलं, "बर्फ बनवतोस? माझ्या दारात तीन महिने पडून असतो. न्यायला माणूस पाठव!"

*

नूतनला तिच्या जोडीदारणीने पहिल्याच लेखात अकरा चुका काढून दिल्या.

नूतनने यादी वरपासून खालपर्यंत बघितली. मग कमरेवर हात ठेवला, अगदी बाजारात ठेवते तसा.

"रियाझ, लिव तिका. अकरा लय झाले. सात धर म्हणा."

"अगो, चुकांचो सौदो करतत काय?"

"तू लिव रे!"

रियाझने लिहिलं. बाई कपाळावर हात मारून बसल्या. पुढच्या गुरुवारी फिनलंडहून उत्तर आलं.

"आठ. त्याखाली मला परवडत नाही."

नूतन म्हणाली, "बघा! गिऱ्हाईक बरा आसा."

*

आता आमच्या पद्धतीबद्दल सांगायला हवं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

पहिल्या दिवशी बाबलदादाने आपलं नाव लिहिलं आणि थांबला. घाम फुटला त्याला. वीस मिनिटं झाली तरी नावाच्या पुढे काही जाईना. मग नूतनने एक वाक्य सुचवलं. मी हळूच एक माहिती दिली. रियाझला टायपिंग येतं, त्याने ते इंग्रजीत बसवलं. बाबलदादाचा लेख झाला! मग चौघांनी मिळून नूतनचा केला, मग रियाझचा, मग माझा. बाई दाराजवळच्या टेबलावर आमच्या वह्या तपासत असायच्या. त्यांना वाटायचं, ही मुलं स्पेलिंग विचारताहेत एकमेकांना.

मला जरा भीती वाटली. मी म्हटलं, "असा चलता काय?"

बाबलदादा म्हणाला, "मेल्या, रापण कधी एकट्यान ओढतत काय?"

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीने समुद्रात गोल टाकून येतात, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर, आणि माणसं दोन्हीकडून ओढतात. नियम एकच. दोरीला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा. रस्त्याने जाणारा असला तरी! फक्त तो मागावा लागतो. वाळूत वाटे घालताना तोंडाने सांगावं लागतं, मी पण होतो.

मी कितीतरी वेळा ओढलंय, पण मागितलेलं नाही. हात धुऊन कामाला जायचो. आई चिडायची.

"हात लावतस, मगे मागूक कित्याक लाजतस? तोंडात बर्फ धरलंस काय रे?"

*

एर्कीचा प्रश्न दर आठवड्याला एकच असायचा. मी काहीही लिहिलं तरी खाली विचारायचा, "आणि तुला काय वाटलं?"

हा प्रश्न मला आधी कोणी विचारलेला नव्हता. मी कॉम्प्युटरसमोर गप्प बसायचो. मागून बाबलदादा ओरडायचा, "लिव, आनंद झालो! उशीर होता माका, स्टँडवर भाडा आसा!"

रियाझ टाइप करायचा, आनंद झाला.

पहिला पगार झाला, तुला काय वाटलं? आनंद झाला. होडीचं इंजिन बंद पडून काका दिवसभर समुद्रात अडकला, तुला काय वाटलं? आनंद झाला. वडिलांना लकवा झाला म्हणून मी आठवीत शाळा सोडली, तुला काय वाटलं?

मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. काहीतरी बोलणार होतो. पण रियाझची बोटं चालून गेली.

एर्कीने खाली लिहिलं, "दिगंबर, इतका आनंदी माणूस मी आयुष्यात पाहिला नाही."

सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवशी घरी चालत गेलो. शेअर रिक्षात कोणी काही विचारलं असतं तर बोलता आलं नसतं.

*

फेब्रुवारीत एका गुरुवारी बाई आल्या त्या उभ्याच राहिल्या. हातात छापलेला एक कागद. फिनलंडच्या शिक्षिकेचं पत्र.

भानगड अशी होती. नूतनला एक झकास वाक्य सुचलं होतं, "माझी आजी वाऱ्याचा वास घेऊन सांगते, आज कुठला मासा येणार." वाक्य इतकं आवडलं की आम्ही वाटून घेतलं. मोठा मासा लागला तर एकट्याने कसा न्यायचा? चारही ब्लॉगवर ती आजी गेली. नूतनच्या ब्लॉगवर ती मासे विकत होती. रियाझच्या ब्लॉगवर नमाज पढत होती. माझ्या ब्लॉगवर वारली होती. आणि त्याच आठवड्यात बाबलदादाच्या ब्लॉगवर रिक्षात बसून जत्रेला गेली!

तिकडे त्यांच्या वर्गाने चारही आज्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या.

बाईंनी पत्र मराठीत सांगितलं. "तुमची माणसं आम्हाला आवडतात. पण आपण कोणाला लिहितोय, हेच आता आम्हाला कळत नाही. पुढच्या गुरुवारी प्रत्येकाने एकट्याने लिहावं. एक जरी लेख आला नाही, तर हे इथेच थांबवू."

दुकानात रियाझचे वडील छत्री उघडून मिटत होते, तेवढाच आवाज.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "इतकी वर्षं मी परीक्षेत कॉपी पकडली. आणि माझ्या डोळ्यांसमोर..."

बाबलदादा उभा राहिला. "बाई, शपथ सांगतंय, ती कॉपी न्हय. ते वाटे होते."

बाईंनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पदराने पुसत राहिल्या. हसल्या की रडल्या, कळलं नाही.

मला एवढंच कळलं की तिघांना एकट्याने जमेल. रियाझला येतं. नूतन भांडून लिहील. बाबलदादासुद्धा चार ओळी ओढेल. राहिलो मी. पाच महिन्यांत मी माझं एक वाक्य स्वतः टाइप केलेलं नव्हतं. माझ्यामुळे चौघांचं बंद पडणार होतं. आणि एर्की आता कधीच काही विचारणार नव्हता.

*

तो आठवडा वाईट गेला. वही काढायला लाज वाटायची, म्हणून मी कारखान्यात लादीवर खिळ्याने इंग्रजी लिहून बघायचो. लादी वितळली की चूकही जाते!

एकच वाक्य घोटत होतो. "मला आनंद झाला नव्हता." स्पेलिंग जमलं की पुन्हा. मंगळवारी ते लिहिलेली लादी चुकून गाड्यावर चढली आणि आमच्या वाडीच्या तांडेलाच्या होडीवर गेली. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, आणि रापणीचा म्होरक्याही तोच.

बुधवारी सकाळी तांडेल कारखान्याच्या दारात.

"रे दिगू, कालच्या लादीवर काय लिवलेलंस?"

मी कानातला भुसा झाडायला लागलो. "काय नाय."

"काय नाय कसा? हेऽऽ बांगडो गावलो! मंत्र काय रे तो?"

मी मान हलवली. हो म्हणायला की नाही म्हणायला, मलाच ठाऊक नाही.

तांडेल दहा लाद्या घेऊन गेला. प्रत्येकीवर माझ्याकडून लिहून घेतलं. मला आनंद झाला नव्हता, मला आनंद झाला नव्हता. दहा वेळा!

*

गुरुवारी बाईंनी नियम केला. एक जण आत, बाकीचे बाहेर रस्त्यावर. दार बंद.

रियाझ अर्ध्या तासात बाहेर आला. नूतन लाल तोंडाने आली. बाबलदादा आला तो शर्ट पिळता येईल असा! "नऊ ओळी," म्हणाला आणि पायरीवर मटकन बसला.

मी आत गेलो तेव्हा सहा वाजून गेले होते. एका बोटाने टाइप करायचं. एक अक्षर शोधायचं, दाबायचं, पुढचं शोधायचं. चार ओळी झाल्या आणि दिवे गेले. लोडशेडिंग. त्या आठवड्यात वेळापत्रक बदललेलं, कोणाच्या लक्षातच नाही!

टेबलाखाली यूपीएस बोंबलायला लागला.

बाहेरून रियाझ ओरडला, "दिगू, धा मिनटा आसत! मगे सगळा जाताला!"

नूतन ओरडली, "मी येव काय टाइप करूक?"

बाबलदादाचा आवाज आला, "गप ऱ्हव गो! हात लावू नको."

मी जे लिहिलं ते इंग्रजीत होतं. मराठीत असं होईल.

"एर्की, माझी आजी मी जन्मायच्या आधी वारली. ती वाऱ्याची आजी नूतनची आहे. आजपर्यंत माझं लिखाण चौघांनी ओढलं. आमच्याकडे जाळं तसंच ओढतात. दोरीला हात लागला त्याला वाटा. आम्हाला वाटलं, लिहिणंही तसंच असतं. हे मी एकट्याने लिहिलं, म्हणून लहान आहे. तू विचारलं होतंस, शाळा सोडताना काय वाटलं. मला आनंद झाला नव्हता."

यूपीएसचा आवाज आता सलग येत होता. माऊस हातातून घसरत होता. मी बटण दाबलं. पडद्यावर ते छोटं चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय.

मग काळोख.

मी दार उघडलं. बाई आणि ते तिघं माझ्याकडे बघत होते.

बाईंनी विचारलं, "गेलं का रे?"

मी म्हटलं, "म्हायत नाय, बाई."

*

शुक्रवारी कारखाना सुटल्यावर मी बाजारात गेलो. दुकानाच्या पायरीवर तिघं आधीच बसलेले. बाई आत, कॉम्प्युटरसमोर. वळल्या नाहीत.

"दिगंबर, इकडे ये. स्वतः वाच."

माझा लेख होता. पूर्ण. त्याच्या खाली फिनलंडच्या शिक्षिकेची एक ओळ, "चार लेख मिळाले. पुढे चालू. आजी मात्र एकच ठेवा!"

त्याच्या खाली एर्की. मी एकेक शब्दावर बोट ठेवत वाचला.

"ऑक्टोबरपासून दर आठवड्याला मी तुझ्या लेखातल्या चुका काढतोय. म्हणजे त्या दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. तुमच्या नियमाने मग माझा वाटा कुठे आहे?"

बाबलदादा मागून म्हणाला, "म्हातारो हुशार आसा."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किनाऱ्यावर गेलो. रापण लागलेली होती. दोरीला हात लावला आणि शेवटपर्यंत ओढलं.

जाळं वर आलं. तांडेल वाळूत वाटे घालायला लागला. आई टोपली घेऊन बायकांत उभी होती. हात धुऊन निघायची माझी वेळ झाली होती. मी निघालो नाही.

"तांडेलानु," मी म्हटलं. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा आला. सगळे वळले. "माझो वाटो. आणि आणखी एक."

"आणखी कोणाचो?"

"एर्कीचो."

"खंयचो तो?"

"फिनलंडचो."

तांडेलाने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या आईकडे. मग परत माझ्याकडे.

"दोरयेक हात लावल्यान तेना?"

"लावल्यान. ऑक्टोबरापासून."

तांडेल वाकला. माझ्या वाट्याच्या शेजारी त्याने वाळूत दुसरा वाटा घातला. बरोबर तेवढाच. मग जरा थांबला, टोपलीतून आणखी एक बांगडा उचलला आणि त्या दुसऱ्या वाट्यावर ठेवला.

"लांबसून ओढल्यान," तो म्हणाला.