हिंजवडीमार्गे शेवटच्या षटकापर्यंत

सकाळी सातला मंडईच्या स्टॉपवरनं निघाले. पिशवीत दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची बाटली आणि मिश्रीची डबी. धाकटी बहीण शकू हिंजवडीत दिलेली आहे. तिनं आदल्या दिवशी फोन केला होता, "आक्के, म्याचचे पास आल्यात आमच्यात. तुला लई नाद हाय न्हवं? ये मग." नाद मला आणि पास तिला. तिथनंच माझ्या पोटात दुखायला लागलं.

शकूचा मला हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं लपवाछपवी नको. आमचं माहेर मावळातलं. वडलांनी मला पुण्यात दिली, क्लबाच्या मैदानावर माळीकाम करणाऱ्याला. शकूला दिली हिंजवडीच्या भातखाचरात. थोरलीनं नशीब काढलं, नळाचं पाणी प्याली, धाकटी बिचारी चिखलात गेली, असं सगळे म्हणायचे. पुढं त्या चिखलात काचेच्या कंपन्या उभ्या राहिल्या. माझ्या नळाला अजून दीड तासच पाणी येतं.

त्या मैदानावर मी नवऱ्याबरोबर एकवीस वर्षं राबले. आम्ही सहा बायका ओळीनं बसून खुरप्यानं हराळी (मुळं धरून बसणारं चिवट गवत) काढायचो. उन्हाळ्यात बोटं फुटायची. गोलंदाजाच्या पायानं पडलेले खड्डे ओल्या मातीनं भरायचे, वर धुम्मस मारून माती दाबून बसवायची. पुरुष लोखंडी रोलर ओढायचे. आणि सामना सुरू व्हायच्या आधी आम्हा बायकांना मागच्या फाटकानं बाहेर काढायचे. भिंतीपलीकडनं नुसता बॅटीचा टक् ऐकू यायचा. संध्याकाळी नवरा सांगेल तेवढा सामना माझा, बाकीचा रेडिओवर. मालक, म्हणजे माझा नवरा, जाऊन बारा वर्षं झाली. एक सामना पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत या डोळ्यांनी बघायचा, एवढीच एक गोष्ट मनात राहिलेली. म्हणून हेवा गिळून निघाले.

मनपाच्या स्टॉपवर गाडी बदलली. गळ्यात कंपनीचा पट्टा घातलेल्या एका पोरानं उठून जागा दिली. अकोल्याचा होता. रविवारीसुद्धा कामाला चाललेला.

"आजी, एवढ्या गर्दीत कुठं?"

"सामना बघायला. पास आहे."

"काय सांगता! मी तीनदा ट्राय केलं. साइट ओपन होईपर्यंत सोल्ड आउट. ज्यांना ऑफसाइड कळत नाही ते बॉक्समध्ये बसतात, अन् आम्ही मोबाइलवर."

तो माझ्याकडं हेव्यानं बघत होता. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"तुम्हाला कोण आवडतं आजी?"

"फिरकी टाकणारे. पण हल्ली चार षटकं टाकून जाऊन बसतात. हात गरम होतोय तोवर काम संपलं."

"मग टेस्ट बघा ना."

"तू बघतोस?"

"पाच दिवस लीव्ह कोण देणार आजी?" असं म्हणून तो हसला. वाकडच्या पुलाखाली गाडी पाऊण तास उभी होती, तोवर आम्ही दोघांनी मिळून सगळ्या निवडसमितीला शिव्या घातल्या.

शकूचं घर तीन मजली. पायऱ्या इतक्या गुळगुळीत की मी चप्पल हातात घेऊन चढले. जेवायला मटण, आधी आळणी (बिनतिखटाचा रस्सा), मग भात. भात मऊ होता, वासाचा. मी म्हणलं, "घरचा दिसतोय."

"घरचा कुठनं आणू? आता तांदूळबी इकतचाच," शकू म्हणाली आणि परत वाढायला लागली.

दुपारी तिच्या मुलाच्या, राजूच्या, गाडीतनं निघालो. त्याच्या जमिनीवर बिल्डरचं काम चालू, पास त्या बिल्डरनं दिलेले. शकू जरीची साडी नेसून आलेली. मैदान जवळच, मोठ्या रस्त्याच्या कडेला, तरी दीड तास लागला.

फाटकावर एका माणसानं माझी पिशवी उलटीपालटी केली. बाटली काढली, डबी काढली, भाकरी काढल्या.

"बाहेरचं खाणं चालत नाही आजी."

"मग आतलं काय आहे?"

"पिझ्झा मिळेल."

"दात मिळतील का त्याबरोबर?"

तो हसला, पण भाकरी दिल्या नाहीत.

जिना चढून वर आले आणि ते हिरवंगार मैदान एकदम पुढ्यात आलं. मी कठडा धरून उभीच राहिले. एवढं एकसारखं गवत! एक हराळी दिसेना. आमच्या सहाजणींची बोटं आठवली. मग नजर खेळपट्टीवर गेली. पाटासारखी सपाट, भेगेचं नाव नाही. आणि सीमेची दोरी? दहा-बारा पावलं आत ओढलेली. बाहेर एवढं मैदान रिकामं पडलंय, तिथं जाहिरातीच्या पाट्या. मालकांनी बघितलं असतं तर जेवले नसते.

सामना सुरू झाला. मी कान लावून बसले होते तो टक् ऐकायला. ऐकूच येईना. चेंडू पडला की गाणं, फटका बसला की गाणं, गडी बाद झाला तरी गाणंच. गोलंदाजानं काय फसवलं ते समजून घ्यायला क्षणभर गप्प बसावं लागतं, तो क्षणच कुणी देत नव्हतं. जो येतो तो उचलून मारतो. शकू प्रत्येक गडी बाद झाला की टाळ्या वाजवत होती.

"अगं, बाद करणारे समोरचे आहेत," मी म्हणलं.

"व्हय? मग आपलं कंचं?"

"ज्यांची बॅटिंग चाललीय ते."

"मग मी मघापास्नं कुनासाठी वाजवतीय?" असं म्हणून खदाखदा हसली. गार हवा, मऊ खुर्ची, जरीचा पदर, आणि कुठली बाजू आपली तेही ठाऊक नाही. मला असा राग आला तिचा!

मध्यंतराला सगळे खायला उठले. मी बसून राहिले. मैदानात कामगार आले, टोप्या, बूट, एकसारखे शर्ट. रोलर मशीनचा, वर बसून चालवायचा. एक बाई पण होती त्यांच्यात, हातात झाडू, खेळपट्टीवर उभी. मैदानाच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत. शकूच्या तीन मजल्यांपेक्षा मला त्या बाईचा जास्त हेवा वाटला.

दुसरा डाव रंगला. आपल्यानं धावा जास्त केल्या होत्या, पण ते पाठलाग करत आले. सोळाव्या षटकाला राजू उठला.

"चला मावशी. आत्ता निघालो तर ट्रॅफिक नाही लागणार."

"अजून चार षटकं आहेत."

"घरी टीव्हीवर बघू. मोठा टीव्ही आहे."

"तुम्ही जा. मी शेवटपर्यंत थांबते."

"आक्के, खुळी का काय? जाशील कशी?"

"चालत. पाय आहेत."

शकूनं माझं तोंड बघितलं. लहानपणापासून ओळखते ती. पदर सावरला आणि राजूच्या मागनं गेली. एकटी राहिले, पण उठले नाही.

शेवटच्या षटकात त्यांना बारा हव्या होत्या. चेंडू फिरकीवाल्याकडं. पहिल्याच चेंडूला षटकार. दोरी जागेवर असती तर सरळ झेल होता. दुसरा निर्धाव. तिसऱ्याला फलंदाज पुढं सरसावला, फसला, यष्टिचीत. मी उभी राहून ओरडले. चौथ्यावर एक, पाचव्यावर दोन. एक चेंडू, तीन धावा.

आणि माझ्या पुढची सगळी माणसं उठली. खुर्च्यांवर चढली, मोबाइल वर धरले. मी टाचा उंचावल्या, वाकून बघितलं, दोघांच्या कमरेमधनं बघितलं. नुसत्या पाठी. मैदानातला मोठा पडदासुद्धा दिसेना. एकदम मोठा आवाज झाला.

"काय झालं रे?" मी पुढच्याचा शर्ट ओढला.

"जिंकलो आजी!" तो म्हणाला आणि नाचायला लागला.

कसे जिंकलो ते विचारायला कुणी जागेवर नव्हतं. पुन्हा भिंतीबाहेरच राहिले म्हणायचं.

खाली उतरले, गर्दीबरोबर चालायला लागले. तीनशे पावलं गेले असेन, तर गाड्यांच्या रांगेत राजूची पांढरी गाडी! लवकर निघाले ते पार्किंगच्या तोंडाशीच अडकलेले. मी काच वाजवली. शकूनं दार उघडलं, मला आत ओढलंच.

"आक्के, काय झालं गं शेवटाला? वरडा ऐकला नुसता. याच्या मोबाइलला रेंज न्हाई."

राजूपण मागं वळला. दोघं माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मी पदरानं घाम पुसला आणि सावकाश सगळं षटक सांगितलं. षटकार, निर्धाव, यष्टिचीत, सगळं खरं. शेवटचा चेंडू आला तेव्हा थोडी थांबले.

"उंच दिला त्यानं. पडला ऑफच्या बाहेर, आणि हातभर आत वळला. बॅट आणि पॅडच्या मधनं गेला. मधली दांडी आडवी."

"आईशपथ," राजू म्हणाला.

 शकू म्हणाली, "तू नशिबाची गं. बघितलंस तरी." तिच्या आवाजात माझ्या ओळखीचं काहीतरी होतं. इतकी वर्षं ते मी माझ्याच पोटात ऐकत आले. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

रात्री तिच्याकडं झोपले, सकाळच्या गाडीनं परत आले. गाडीत विचार केला, सामना म्हणाल तर शेवटाला हुकलाच, भाकरी गेल्या, डबी गेली. तसला खेळ परत बघायला मी काही जायची नाही. पण जाऊन आले ते बरं केलं. नळाला पाणी होतं तोवर घरी पोचले, हंडा लावला, तेवढ्यात शकूचा फोन.

"आक्के, टीव्हीवाले तर झेल दाखवत्यात. दोरीपाशी. दांडी कुठं उडाली?"

"तू तिथं होतीस का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग?"

 शकू म्हणाली, "खरंय बाई. आमी आपलं गाडीतच बसलो."

हंडा भरून वाहायला लागला होता. मी फोन ठेवला.