लो फॅटची बाटली

हे मी कुणाला सांगितलेलं नाही — सख्ख्या भावालाही नाही. तुम्हाला तरी सांगेन असं कुठे वाटलं होतं? पण आता घरात मी एकटीच, आणि संध्याकाळ काही केल्या सरत नाही.

आमचे आबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. आई गेल्यावर त्यांना एकच नाद उरला — गंगावेशीतला दूधकट्टा. तुम्ही कोल्हापूरचे असाल तर सांगायला नको. म्हशी तिथेच उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळता पेला हातात देतात. आबा अर्धाच पेला प्यायचे, बिनसाखरेचा, आणि मग मित्रांशी मनसोक्त गप्पा हाणायचे.

मला ते दूध डोळ्यांत खुपायचं. केवढं घट्ट, केवढी चरबी! म्हणून मी त्यांना रोज सकाळी फ्लेवर्ड दुधाची बाटली द्यायला लागले. वेलची-पिस्ता. वर ठळक लिहिलेलं — लो फॅट. शिकलेल्या बाईनं आणखी काय बघायचं? "बेस हाय गं ह्ये," म्हणत आबा शेवटचा थेंबसुद्धा सोडायचे नाहीत.

मग त्यांची रक्तातली साखर वाढली. डॉक्टरांनी विचारलं, गोड काय खाता? आबा काही बोलायच्या आत मीच सुरू झाले — कट्ट्यावर जातात, तिथे काय काय पोटात ढकलतात देव जाणे. "न्हाय ओ डाक्टर, अर्धा पेलाच की," ते म्हणत राहिले. घरी आल्यावर मी कट्टा बंद करून टाकला. आमच्याकडे माझाच शब्द चालायचा, आणि माझा आवाज अख्ख्या गल्लीला पुरायचा.

त्याच आठवड्यात — हे सांगताना जीभ जड होते — बाटली धुताना पाठीमागची बारीक अक्षरं वाचली. फॅट खरंच कमी होतं. प्रथिनं होती, कॅल्शियम होतं. आणि साखर — वरून घातलेलीच तीन-चार चमचे भरेल एवढी. कुणी खोटं लिहिलं नव्हतं. मीच फक्त पुढची बाजू वाचली होती.

तेव्हा बोलता आलं असतं ना? मी बाटल्या गुपचूप बंद केल्या. "दुकानात येत नाहीत आता," म्हणाले. साखर उतरली. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं, भावानं फोनवर केलं. कट्टा सुटला म्हणून गुण आला, असं सगळे म्हणाले, आणि मी म्हणू दिलं.

एकदा कट्ट्यावरचे त्यांचे मित्र, बापू, दारात आले. "दूध न्हाय देत गं त्येला. नुस्तं बसू दे की आमच्यात." मला तेव्हा सगळं माहीत होतं. तरी म्हणाले, "तिथे गेले की त्यांना राहवत नाही." आबा आत कॉटवर बसून ऐकत होते. बापू पुन्हा आले नाहीत. आबा संध्याकाळी शर्ट घालायचे, मग आठवल्यासारखे थांबायचे आणि काढून ठेवायचे. मी स्वयंपाकघरातून बघायचे. भ्याले होते मी — दुसरं काय?

शेवटच्या आजारपणात तर माझ्या त्या बोलण्यावर त्यांचाही विश्वास बसला होता. माझा हात धरून म्हणाले, "लई तरास दिला गं तुला. जिभंवर ताबाच न्हाई ऱ्हायला. चुकलं माझं."

मी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाले, "असू दे, आबा. मी कधीच विसरले ते."