लांगरीकाकांचं पान

भाग्यलक्ष्मीबाईंच्या डोक्यात एखादी कल्पना शिरली की अंबरपेठेतल्या त्यांच्या शाळेत कुणाची धडगत नसते. गेल्या वर्षी शाळेनं माजी सैनिकांचा सत्कार केला. शाल, नारळ आणि पाहुण्यांची न संपणारी भाषणं! म्हातारे फौजी खुर्चीत पेंगले, पोरं जांभया देत बसली, आणि सगळ्यात मोठा हार पडला तो पाहुण्यांच्याच गळ्यात. बाईंचं डोकं जे तापलं ते वर्षभर निवलं नाही. यंदा त्यांनी मुख्याध्यापकांना सांगूनच टाकलं की भाषण एकही होणार नाही, बडा खाना होणार.

ही फौजेतली रीत. त्या दिवशी जवान पंगतीला बसतात आणि साहेब लोक स्वतः वाढतात. बाईंना ती लहानपणीच कळली होती, गौलीगुड्यात त्यांच्या शेजारी राहणाऱ्या एकनाथरावांकडून. एकनाथराव फौजेत लांगरी होते, म्हणजे स्वयंपाकी. शाळेत फौजी बसतील आणि पोरं वाढतील, असं बाईंनी आठवीच्या वर्गात सांगितलं मात्र, वर्ग डोक्यावर घेतला पोरांनी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी दुसऱ्याच दिवशी तालीम सुरू. चौथीची मुलं ओळीत बसवली आणि बादलीतून मुरमुरे वाढले. निम्मे जमिनीवर, निम्मे चौथीच्या खिशात.

बाईंच्या मनात मात्र एकच गोष्ट ठाण मांडून बसली होती. त्या पंगतीत एकनाथकाका बसले पाहिजेत. आजवर ते एकाही सत्काराला गेले नव्हते. कुणी बोलवायला आलं की चहा पाजून वाटेला लावायचे. बाई गेल्या तेव्हाही तेच.

"मी कुठं लढलो, भाग्या? पुऱ्या तळल्या. जे लढले त्यांना बोलव."

बाई हिरमुसून परतल्या. तेव्हा रसिका नावाची आठवीतली पोर, जी एरवी शेवटच्या बाकावर खिदळत असते, म्हणाली, "टीचर, जेवायला नक्को म्हणतात ना? मग पकवायला बोलवू."

बाईंनी तिला तिथल्या तिथं मिठीच मारली.

आणि खरोखर, मासा गळाला लागला! एकनाथराव तासाभरात तयार. बेगम बाजारात जाऊन मसाले स्वतः हुंगून घेतले, कणकेवरून दुकानदाराशी भांडले, आणि कार्यक्रमाच्या दिवशी पहाटेच शाळेच्या मागच्या शेडमध्ये चूल पेटवून बसले. एकदा आत आले म्हणजे पंगतीला बसवणं काय अवघड, असा बाईंचा हिशेब.

घोडं तिथंच पेंड खाऊ लागलं. पानं मांडली, फौजी मांडी घालून बसले, ज्यांचे गुडघे कुरकुरत होते त्यांच्यासाठी टेबलं लावली. पोरं बादल्या घेऊन सज्ज, चेहरे असे फुललेले की जणू त्यांचंच लग्न. आणि एकनाथराव कढईपुढून हलेनात. बाईंनी विनवलं, रागावून पाहिलं, शेवटी हात ओढला. पंगत बसली की लांगरी बसत नसतो, एवढंच म्हणून त्यांनी पुढची पुरी तेलात सोडली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पंगत होणार, फोटो निघणार, आणि ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं तो माणूस पुन्हा धुरातच उभा राहणार.

तिकडे वाढून झालं. ओळीच्या टोकाला मात्र एक पान वाढलेलं, पण त्यामागं कुणी नाही. शेजारी बसले होते सुभेदार शिवराज, भरघोस पांढऱ्या मिशांचे. ते पान कुणाचं, असं त्यांनी विचारलं. रसिकानं शेडकडे बोट दाखवलं. आमच्या लांगरीकाकांचं आहे, पण ते बसत नाहीत, म्हणाली.

सुभेदारांनी तोंडाशी नेलेला घास खाली ठेवला.

"मग थांबू. पंगत पुरी बसल्याशिवाय कसं जेवायचं?"

शेजारच्यानंही हात मांडीवर घेतला. मग पलीकडच्यानं. बघता बघता सगळी ओळ थांबली. पोरं श्वास रोखून शेडकडे बघू लागली. आणि पानांवरच्या टम्म पुऱ्या एकेक करून बसायला लागल्या!

एकनाथरावांनी ते पाहिलं. बाईंच्या विनवण्यांना पुरून उरलेला तो माणूस, पण तळलेली पुरी गार होताना बघणं त्याला जमेना. एकदा कढईकडे, एकदा पंगतीकडे पाहत त्यांनी झारा बाईंच्या हातात कोंबला आणि पुटपुटत, पंच्याला हात पुसत, त्या पानावर जाऊन बसले. जेवा आता, असं सगळ्यांवर खेकसलेही.

रसिका पळत कढईपाशी आली, नुकती काढलेली पुरी ताटलीत घेऊन पळत गेली आणि त्यांच्या पानात वाढली. एकनाथरावांनी ती मोडली. आतली वाफ बोटांना लागली तसे ते थबकले आणि पुरीकडे बघत राहिले.

"काय झालं काका?" सुभेदारांनी विचारलं.

"काही नाही हो. लंगरात सगळे जेवून उठले की मी बसायचो. पंगतीत बसून गरम पुरी पहिल्यांदाच खातोय."

सुभेदारांनी आपल्या पानातली भाजीची वाटी त्यांच्याकडे सरकवली. भाग्यलक्ष्मीबाई कढईपाशी हसत होत्या, रडत होत्या, आणि त्यांच्या हातची पहिली पुरी काही केल्या फुगत नव्हती.