दीपगृहाखालचा आकाशदिवा

माझं शुद्धलेखन कच्चं, अक्षर किरटं. त्याची माफी असावी. चौथीपर्यंतच शिकले. पण पोलिसांची ती चौकशी अजून जशीच्या तशी आठवते.

माझे यजमान इंग्रजांच्या काळात कोकणात एका दीपगृहावर दिवा राखायला होते. पूर्वी त्या टेकडीवर लाकडं पेटवून जहाजांना खूण करत, असं म्हातारे कोळी सांगत. आमच्या वेळी तेलाचा मोठा दिवा होता. खाली आमची खोली. आम्ही दूर कापसाच्या मुलखातल्या आसेगावचे; कोकणातली बोली मला कळत नसे आणि माझी ऐकून बाया हसत. मी बोलणंच सोडलं.

त्या वर्षी माय गेली. पत्र आलं तेव्हा तेरावं उलटलं होतं. कार्तिकात तिच्यासाठी अंगणात उंच बांबूवर आकाशदिवा लावला. बांबू यजमानांनीच रोवला.

आठ दिवसांनी एका नाखव्याचा मचवा खडकावर फुटला. माणसं वाचली. दीपगृहावर एकाऐवजी दोन दिवे दिसले आणि वाट चुकली, अशी खबर त्याने ठाण्यावर दिली. फौजदार आले. पंचनामा झाला. यजमानांचे दोन दिवस जबाब घेतले. दुसरा दिवा दाखवून मचवा लुटायचा बेत होता का, असा संशय. दुसरा दिवा नव्हताच, असं ते शपथेवर सांगत. खोटं नव्हतं ते. आमच्याकडे आकाशदिवा मेलेल्या माणसासाठी असतो. जित्या नाखव्याला तो दिसेल हे आम्हा दोघांच्या ध्यानातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी यजमानांना ठाण्यावर न्यायला निघाले. मी दाराआड होते. शिपायाचा हात बांबूला लागला, आकाशदिव्याची दोरी हलली, आणि मला उमगलं. पदर पुढे ओढून बाहेर आले.

"साहेब, दुसरा दिवा म्या लावला. मायसाठी. ह्यायचा काई कसूर नाई."

फौजदार बांबूकडे बघत राहिले. "दोन दिवस गप्प का बसलात, बाई?"

"मले कोनं इचारलंच नाई."

ते शिपायाला म्हणाले, "लिहून ठेव. घरातल्या बाईला आधी विचारायचं." गुन्हा नोंदला नाही, नोकरी वाचली. मचव्याचा खर्च मात्र आमच्यावर आला.

तो फिटायच्या आत यजमान वारले. मी आसेगावला परतले आणि कापूस वेचून नाखव्याला मनिऑर्डरी पाठवत राहिले. एका पोचेवर नाखव्याने लिहवून घेतलं होतं, "तिकडे दिवा लावा. तुमच्या गावी मचवे नाहीत."

पण पैसे बाकी असताना लावू कशी? बांबू आणून भिंतीला टेकवून ठेवला. परवा शेवटची पोच आली : सर्व रक्कम मिळाली.