सोमवारची चाल, गुरुवारची चाल

माझी आत्या दिवसभर पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींचा फोन घेते. नळ गळतो, नळ कोरडा आहे, नळ ओरडतो, सगळ्यांना ती एकाच आवाजात सांगते, "हो, कळलं. माणूस पाठवते." हा आवाज मी हुबेहूब काढते. आजोबा एकदा फसले आणि माझ्याशीच मोरीच्या नळावरून भांडत बसले. आत्या रागावत नाही. "अजून थोडं दमलेलं हवं," एवढंच म्हणते.

संध्याकाळी हीच आत्या फर्निचरच्या गोदामावरच्या खोलीत गायकवृंद चालवते. सोमवारी बायका, गुरुवारी पुरुष. सगळ्यांच्या कामाच्या पाळ्या जुळत नाहीत आणि खोलीत तेवढ्या खुर्च्याही नाहीत. स्वरलिपीचा कागद नावालाही नाही. ती गाते, आम्ही ऐकतो, मग आम्ही गातो, मग ती कपाळाला हात लावते, मग पुन्हा ती गाते.

शिकवायची तऱ्हाही उलटी. गाणं शेवटच्या ओळीपासून सुरू. "सुरुवात सगळेच छाती फुगवून करतात, शेवटी तोंडं पडतात," असं तिचं म्हणणं. "शेवट आधी पाठ असला की गाताना आपल्या गल्लीत शिरल्यासारखं वाटतं."

"म्हणजे आधी काजं, मग शर्ट," शिंपीणकाकू म्हणाल्या.

"हो. आणि तुम्ही त्या काजांत श्वास घेऊ नका."

यंदा वाचनालयाच्या नव्या दालनाचं उद्घाटन होतं आणि आम्हाला एक गाणं म्हणायचं होतं. दरवेळचं गाणं सगळ्यांना झोपेतही येतं, झोपेतच म्हटल्यासारखं वाटतंही. म्हणून आत्याने स्वतः गाणं लिहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः चाल लावली. खिडकी उघडण्याबद्दलच्या चार ओळी. आम्हाला शिकवताना तिचे कान लाल झाले होते. घरी आईला मात्र हळूच म्हणाली, "वहिनी, हे जमलं तर जमलं. नाही तर पुन्हा या वाटेला जायची नाही. लोकांची गाणी आहेत की."

आम्ही बायकांनी ती चाल घोटून घोटून गुळगुळीत केली. बाबा गुरुवारच्या टोळीत. ते दाढी करताना तीच ओळ गुणगुणायचे आणि ती भलतीकडेच जायची. पण बाबा वाढदिवसाचं गाणंसुद्धा भलतीकडे नेतात, त्यामुळे घरात कुणी लक्ष दिलं नाही.

उद्घाटनाच्या आधीच्या रविवारी दोन्ही टोळ्या पहिल्यांदा एकत्र उभ्या राहिल्या. पहिल्या दोन ओळी झकास. तिसरीला "उजेड" आला. आम्ही जिना चढल्यासारख्या वर गेलो, पुरुष तळघरात उतरले. मधे जे काही झालं ते ऐकून खालच्या गोदामातला माणूस वर डोकावला.

"तुमचं चुकलं," भोंगा म्हणाला. भोंगा म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर. आवाज नावाला साजेसा.

"आमचं?" शिंपीणकाकू म्हणाल्या. "आम्हाला शिकवलं तेच गातोय. तुम्ही गुरुवारी कान कुठे ठेवून येता?"

"बाई, मी आयुष्यभर हॉर्न ऐकून गाड्या ओळखल्यात."

"मग गाड्याच ओळखा."

आत्याने हात वर केला. आधी आम्हाला एकट्यांना गायला लावलं, मग त्यांना. ऐकता ऐकता ती खुर्चीवर टेकली. दोघांचं बरोबर होतं. चाल तिच्या डोक्यात अजून शिजतच होती. सोमवारी "उजेड" वर जायचा, ऑफिसात फोन घेता घेता तिला दुसरं काहीतरी सुचायचं आणि गुरुवारी तो खाली यायचा. सोमवारी आमच्या तोंडून ऐकला की तिला तोच पुन्हा खरा वाटायचा.

"आपलं जुनंच म्हणू या ना, ताई," बाबा समजुतीने म्हणाले. "कोण एवढं ऐकतंय."

मला वाटलं, संपलं.

"एक चाल ठरवा, आम्ही बदलतो," शिंपीणकाकू म्हणाल्या. त्यांनी असं म्हणणं म्हणजे मोठीच गोष्ट होती.

"तीन दिवसांत? शिकलेलं विसरायला शिकण्याच्या दुप्पट वेळ लागतो." आत्या उठली. "शब्द नकोत. नुसतं 'आ'. हळू. आणि स्वतःचं नको, समोरच्याचं ऐका."

आम्ही गायलो. हळू गायल्यावर कळलं, सगळं वाईट नव्हतंच. बराच वेळ छानच होतं. फक्त एका जागी दात आंबायचे. आत्या डोळे मिटून तीच जागा पुन्हा पुन्हा मागत राहिली. मग तिने पुरुषांना सांगितलं, "तिथे एक पायरी कमी उतरा." सगळे कमी उतरले, भोंगा सोडून. तो दरवेळी थेट तळघरात.

"जमत नाही हो. उतार लागला की मी उतरतो."

"मग उतरूच नका. वरच थांबा. बायका वर जातील, बाकीचे खाली जातील, तुम्ही जागचे हलायचं नाही."

"सिग्नलला?"

"सिग्नलला."

भोंगा थांबला. त्याच्या त्या एका सुराभोवती आम्ही चढलो, ते उतरले, आणि खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. बाबा गायचे थांबून नुसते ऐकत होते, त्याचाही फायदा झालाच. आत्या म्हणाली, "हे मी लावलेलं नाही." मग नाक पुसून म्हणाली, "पण हेच ठेवू."

वाचनालयात आम्ही तेच गायलो. ग्रंथपालबाईंनी नंतर विचारलं, ही दोन आवाजांची कल्पना कशी सुचली? आत्या माझ्याहून सरस नक्कल करत, फोनवरच्या त्या दमलेल्या आवाजात म्हणाली, "पाळ्या जुळत नव्हत्या."

पुढच्या सोमवारी ती खोलीत आली तेव्हा तिचे कान पुन्हा लाल होते. दारात भोंगा उभा, मागे बाबा आणि सगळी गुरुवारची टोळी.

"आज तुमचा वार नाही," आत्या म्हणाली.

"नवी चाल आहे ना?"

"कुणी सांगितलं?"

"पक्की झालीय?"

"अजून नाही."

"मग आम्हीही इथेच बसतो," म्हणत भोंग्याने जमिनीवर बैठक मारली. खुर्च्या खरंच पुरल्या नाहीत.