चुकीचे टोले

मी त्या गावी तिथल्या चर्चची मंडळी बंद करायला गेले होते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं वाचून माझ्याविषयी तुमचा उगाच चांगला ग्रह व्हायचा.

अमरावतीत मुख्याध्यापिकेची नोकरी संपल्यापासून मी आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या एका समितीत काम करते. खेड्यापाड्यांतल्या लहान मंडळ्यांना हात द्यायचा, त्यांची उपासना चालू राहील, गावाला त्यांचा काही उपयोग होईल असं बघायचं, हे आमचं काम. पण हात कोणाला द्यायचा आणि कोणाचा सोडायचा, हे ठरवायला माझ्याकडे एक छापील तक्ता होता. रविवारची हजेरी, शब्बाथशाळेत धर्मशिक्षण घेणारी मुलं, तरुण सभासद, असे त्यात रकाने. अंजनगाव सुर्जीच्या पलीकडच्या त्या गावात चार सभासद उरले होते आणि चौघंही सत्तरीच्या पुढची. रकाने भरताना माझा हात कुठे अडला नाही. ही मंडळी अंजनगावच्या मंडळीत विलीन करावी आणि चर्चला कुलूप लावावं, असं मी लिहिलं. समितीने ते मान्य केलं आणि शेवटच्या उपासनेत तसं पत्र वाचून दाखवायला मलाच पाठवलं.

त्या दिवसांत माझा स्वतःचाच विश्वास थंडावला होता, हेही सांगायला हवं. प्रार्थना रोज म्हणत होते, पण ऐकणारा कोणी आहे असं वाटत नव्हतं. देवाच्या नावाने कारभार तेवढा चोख ठेवत होते आणि त्याचाच मला अभिमान होता.

त्या चौघांपैकी एक निवृत्त परिचारिका. सारं गाव त्यांना सिस्टर म्हणतं. एकट्या राहतात. चर्चची झाडलोट त्यांच्याकडे, घंटाही त्यांच्याकडे. दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी त्या चर्चच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात आणि येईल त्याचं बीपी बघतात, साखर तपासतात, बायकांना चार गोष्टी समजावून सांगतात. पहिल्या भेटीत मी हे पाहिलं होतं. तक्त्यात त्याला रकाना नव्हता, म्हणून लिहिलं नाही. उपासनेच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना फोन करून पत्राविषयी सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं मॅडम. या. जेवूनच जा."

रविवारी मी पोचले तेव्हा चर्च उघडं होतं. सिस्टर पहाटेच झाडून गेल्या असाव्यात, कारण वेदीवर शेवंतीची ताजी फुलं होती. बाकीचे तिघे, शांतवनकाका आणि एक म्हातारं जोडपं, बाकावर येऊन बसले होते. सिस्टर मात्र नाहीत. फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला. मी मनात म्हटलं, रुसल्या. उपासनेची वेळ झाली तरी येत नाहीत म्हणजे हे मुद्दामच चाललंय. आयुष्यभर मी शाळेची घंटा मिनिटावर दिली आहे. कोणासाठी थांबायचा माझा स्वभाव नाही. मी बाहेर आले आणि स्वतःच दोर धरला.

माझा उजवा खांदा वर्षभर आखडलेला आहे. एकदा दोर ओढला की कळ जिरेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा ओढायचा. असे मी दहा-बारा टोले दिले असतील. एक टोला, थोडी शांतता, पुन्हा एक टोला. त्या गावात उपासनेची घंटा भरभर वाजते आणि एकेक टोला सावकाश पडला तर मंडळीतलं कोणी वारलं असा अर्थ होतो, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. शांतवनकाकांनी सांगितलं असतं, पण त्यांना नीट ऐकू येत नाही; आणि ते जोडपं मला काही सांगायला बिचकलं.

दोर सोडून खांदा चोळत बसले, थोड्या वेळाने पाहते तर फाटकातून माणसं आत येत होती. पाच-सात नव्हे, पन्नास-साठ तरी असतील. पुरुषांच्या खांद्यांवर कुदळी, फावडी, एकाच्या हातात सब्बल. बायका डोक्यावर पदर घेऊन, काही रडत. यातलं एकही माणूस ख्रिस्ती नव्हतं. मी हादरलेच. मला वाटलं, आपल्या हातून काहीतरी भयंकर घडलंय आणि हे जाब विचारायला आलेत. सगळ्यांत पुढे शेवंताबाई होती. मळ्यातली भाजी विकणारी बाई, पहिल्या भेटीत मी तिला व्हरांड्यात पाहिलं होतं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सिस्टर कवा गेल्या जी?"

"कोणी गेलं नाही," मी म्हटलं. "मी उपासनेची घंटा दिली."

तिने वाकून आत पाहिलं. बाकावर तीन म्हातारी माणसं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मंग सिस्टर कोठी हायेत?"

पाऊण तास मी त्या चर्चमध्ये होते, फोन लावला होता, रागावले होते. पण चार घरं पलीकडे जाऊन बघावं असं माझ्या मनात आलं नव्हतं.

सगळे धावले, मीही धावले. दार नुसतं लोटलेलं. स्वयंपाकघरात सिस्टर ओट्याला डोकं आपटून पडल्या होत्या. कपाळातून रक्त, अंग घामाने भिजलेलं, डोळे अर्धवट उघडे. ओळख नाही. जवळ टोपलीत भाकरी आणि झाकून ठेवलेली वांग्याची भाजी, ती माझ्यासाठी. मी घाबरून पाण्याचा पेला उचलला आणि त्यांच्या तोंडाला लावणार, तेवढ्यात शेवंताबाईने माझा हात झटकला.

"पानी नोका पाजू मॅडम, ठसका बसन! साखर कमी झाली त्यायची. त्यायनंच शिकोलं आमाले."

तिने डब्यातून साखर घेतली, बोट ओलं केलं आणि सिस्टरच्या गालाच्या आत थोडी थोडी चोळू लागली. दुसरीने त्यांना कुशीवर वळवलं, तिसरीने जखमेवर कापड दाबून धरलं. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. मी, मुख्याध्यापिका, हातात पेला धरून भिंतीला टेकून उभी होते. काही वेळाने सिस्टरची पापणी हलली. तोवर कोणीतरी भाजीचा टेम्पो दाराशी आणला होता. अंजनगावला डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि डोक्याच्या तपासणीसाठी अकोल्याला पाठवलं. आणखी उशीर झाला असता तर हाती काही उरलं नसतं, असं ते म्हणाले. मी तिथेच बाकावर बसले आणि पोटभर रडले.

अकोल्याच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सिस्टर नीट बोलू लागल्या. मनात पत्राचा घोर, त्यात पहाटेपासून स्वयंपाक. सवयीने साखरेचं, इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं आणि खायचं राहून गेलं. गावाला सांगणारी बाई स्वतःच चुकली, असं म्हणून त्या ओशाळल्या. मग विचारलं, "घंटा कोनं वाजोली?"

"मी. खांदा दुखतो माझा, म्हणून सावकाश."

त्या हसल्या. टाके ताणले तरी हसत राहिल्या. "आपल्या मयताले कोन कोन येते, हे कोनाले पाहाले भेटते काय मॅडम? मले तुमी दाखोलं. त्या कागदाचं काय झालं?"

"पर्समध्ये आहे. वाचलं नाही." आणि मी त्यांची माफी मागितली. त्यांनी माझा दुखरा खांदा थोपटला, एवढंच.

माझा खांदा, माझा तापट स्वभाव, काकांचे कान, यांतलं एकही बरोबर असतं तर सिस्टर आज नसत्या. याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. मी एवढंच जाणते, की मी त्या मंडळीचा शेवट करायला दोर धरला होता आणि प्रभूने माझ्या चुकीचाच उपयोग केला. समितीला मी लिहिलं, माझा अहवाल चुकला आहे. चार सभासदांची मंडळी गावाला काय देऊ शकते, हे मला गावाने शिकवलं. थोडी कुरकुर झाली, पण पत्र परत घेतलं गेलं. आता अंजनगावच्या मंडळीतली एक तरुण परिचारिका गुरुवारी सिस्टरच्या शेजारी खुर्ची टाकून बसते.

सिस्टर घरी आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा गेले. चर्चचं अंगण स्वच्छ होतं. कबर खणायला आणलेल्या कुदळींनी त्या दिवशी लोकांनी तिथलं सगळं गवत काढलं होतं. रिकाम्या हातांनी परत जाववेना म्हणे. सिस्टर पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "वाजवा, पन जिवंत मानसासारखी!" मी दोन्ही हातांनी दोर धरला आणि खांद्याची पर्वा न करता भरभर ओढला. तेवढ्यात मळ्याच्या बाजूने शेवंताबाईची हाक आली, "सिस्टर, हायेत ना वं?"

"हाय वं माय, हाय!" सिस्टर ओरडल्या.

आता दर रविवारी मी तिथेच उपासनेला जाते आणि हे असंच होतं. घंटा, हाक आणि तिला उत्तर. त्या हजेरीसाठी माझ्या तक्त्यात रकाना नाही आणि तो आखायचा विचारही मी सोडला आहे. उत्तर ऐकते, प्रभूचे आभार मानते आणि दोर हातातून सोडते.